पत्रावर ‘कन्सल्टंट’, पण रोज नऊला पंच. प्रसूती रजा मागता येते का?

नाशिकची_फिजिओ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट. नाशिकमधल्या एका शंभरेक खाटांच्या खासगी हॉस्पिटलात ऑगस्ट २०२३ पासून आहे. लागले तेव्हाच्या पत्रावर ‘कन्सल्टंट फिजिओथेरपिस्ट, प्रोफेशनल फी दरमहा ३८,०००’ असं होतं. गेल्या एप्रिलपासून ४२,००० केले. खात्यात ३७,६०० येतात. पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही. मागितली तर ‘पेमेंट ॲडव्हाइस’ म्हणून एक कागद देतात.

आता काम कसं चालतं ते. सकाळी नऊला बोट लावून पंच, संध्याकाळी सहाला परत पंच. तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचे पैसे कापले जातात. रविवारची ड्युटी पाळीपाळीने, रोस्टर दर शुक्रवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. सकाळी आयसीयूतले छातीच्या फिजिओचे पेशंट, मग ऑर्थो वॉर्डात गुडघे बदललेल्यांना उभं करणं, दुपारून ओपीडी. कोणाला किती वेळ द्यायचा ते एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सर ठरवतात. मशिन्स हॉस्पिटलची, बिल हॉस्पिटलच्या नावाने, युनिफॉर्म हॉस्पिटलचा. दुसरीकडे प्रॅक्टिस करायची नाही, घरी जाऊन पेशंट बघायचे नाहीत, हे पत्रातच आहे. सोडायचं तर दोन महिन्यांची नोटीस.

मला पाचवा महिना चालू आहे, मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख आहे. एचआरला रजेचं विचारलं तर उत्तर आलं, “कन्सल्टंटना मॅटर्निटी नसते मॅडम. तुम्ही सेल्फ-एम्प्लॉइड आहात, तुमचा टीडीएस १९४जे खाली जातो. पटत नसेल तर सीएला विचारा.” आणि त्याच आठवड्यात नवा करार हातात दिला, जानेवारी संपायच्या आत सही हवी म्हणून. त्यातल्या एका कलमाचा अर्थ असा, की मी स्वतंत्र व्यावसायिक आहे, आमच्यात मालक-कर्मचारी असं नातं नाही आणि पुढेही राहणार नाही, आणि मला कुठलेही वैधानिक लाभ लागू नाहीत. जुन्या पत्रात हे कलम नव्हतं.

१९४जे, म्हणजे व्यावसायिकांच्या फीच्या आयकर कलमाखाली टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) गेला म्हणजे मी खरंच कर्मचारी ठरत नाही का? सही केली तर काय आणि नाही केली तर काय? आणि कापलेल्या टीडीएसचं काय करायचं? गेल्या वर्षीचं रिटर्न भरलं होतं, २०२३-२४ चं राहिलंय.

कोर्टकचेरी

ताई, तुमची बाजू कळते, पण खोटी आशा दाखवत नाही. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनची, म्हणजे रुबी हॉल क्लिनिकची केस बघा. आयकर खात्याचं म्हणणं होतं की कन्सल्टंट डॉक्टर हे हॉस्पिटलचे कर्मचारीच आहेत, त्यांचा टीडीएस पगाराच्या कलम १९२ खाली कापायला हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते मानलं नाही. ते व्यावसायिक, १९४जे बरोबर, असा निकाल झाला. ठरावीक रक्कम घेणारे डॉक्टरही त्यात होते. हॉस्पिटलचा वकील पहिल्या तारखेला हाच निकाल पुढे करणार.

हिशेबनीस_सीए

मी फक्त कराचं बोलतो.

२०२५-२६ ची तुमची एकूण फी ५,०४,०००, त्यावर १०% म्हणजे ५०,४०० टीडीएस. नव्या करप्रणालीत यंदा १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सवलत आहे, त्यामुळे तुमचा कर शून्य. ४४एडीए या व्यावसायिकांच्या सोप्या हिशेबाच्या कलमाखाली निम्मं उत्पन्न दाखवा नाहीतर पूर्ण दाखवा, शून्यच. पूर्ण रिफंड येईल. तुम्हाला कर्मचारी म्हणून धरलं असतं तर मुळात काही कापलंच गेलं नसतं, कारण १९२ मध्ये वर्षाचा अंदाजे कर काढून मग कापतात. १९४जे मध्ये सरसकट १०%. म्हणजे तुमचे दरमहा ४,२०० वर्षभर सरकारकडे अडकतात. १५जी (माझा कर शून्य आहे, टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म) देऊन हे थांबवता येत नाही, तो फॉर्म १९४जे ला चालत नाही. कलम १९७ खाली कमी दराचा दाखला मागता येतो, पण वर्ष संपत आलंय, आता त्यात पडू नका.

२०२३-२४ मध्ये आठ महिन्यांचे ३,०४,००० झाले, टीडीएस ३०,४००. तेही परत मिळण्यासारखे आहेत. उशिराच्या रिटर्नची मुदत गेली, आणि अपडेटेड रिटर्न रिफंडसाठी चालत नाही. पण कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) परिपत्रकाने त्याला करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षं दिली आहेत. ऑनलाइन होतं. उशीर का झाला याचं खरं कारण आणि १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला जोडा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने भरायचं आहे, गोंधळू नका. आणि एचआर म्हणते तसं सीएला विचारून ‘मी कर्मचारी आहे का’ हे ठरत नाही. ते आमचं कामच नाही.

पगारपत्रक

सही करू नका. बाकी सगळं नंतर.

मी नाशिक आणि पुण्यातल्या हॉस्पिटलांची पगारपत्रकं बरीच वर्षं केली आहेत, आता बाहेरून करून देते. तुमची पोस्ट वाचताना माझी नजर ३७,६०० वर अडली. ४२,००० मधून १०% टीडीएस गेला की ३७,८०० उरतात. मग वरचे २०० कुठे जातात? तुमच्या पेमेंट ॲडव्हाइसवर टीडीएसच्या खाली ‘पीटी’ (व्यवसाय कर) अशी एक ओळ आहे का बघा. आणि मागच्या फेब्रुवारीच्या कागदावर तिथे ३०० आहेत का तेही बघा.

असेल तर नीट समजून घ्या, कारण हा कागद तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यात दोन वेगळ्या वाटा आहेत. जो स्वतंत्र व्यावसायिक आहे तो स्वतःच्या नावाने नोंदणी घेतो आणि वर्षाचे २,५०० स्वतः भरतो. दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० ही कपात करतो तो मालक, पगारदार माणसाच्या पगारातून. कन्सल्टंटच्या फीमधून पीटी कापायचा हॉस्पिटलला काही संबंधच नाही. म्हणजे राज्याच्या कर खात्याला हॉस्पिटल सांगतंय की ही आमची पगारदार, आणि तुम्हाला सांगतंय की तुम्ही आमच्या कोणी नाही.

बहुतेक झालं असेल ते असं. तुमचं नाव सॉफ्टवेअरमध्ये कर्मचाऱ्यांच्याच मास्टरमध्ये घातलेलं असणार, कारण बायोमेट्रिक, रोस्टर, लेटमार्क सगळं तिथूनच चालतं. फक्त पैसे देताना ‘प्रोफेशनल’ अशी खूण केली की पीएफ आणि ग्रॅच्युइटी बंद आणि टीडीएस १९४जे. पीटीची कपात बंद करायची राहून गेली. फिजिओ, डाएटिशियन, लॅबमधल्या मुली, आरएमओ (निवासी डॉक्टर) यांना या खुणेखाली ढकललेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता त्याचा राग येतो. यातल्या बहुतेक मुली पंचवीस ते पस्तीस वयाच्या असतात. प्रसूती रजेचा खर्च नेमका कुठे वाचतो ते त्यावरून कळतं.

आता कोर्टकचेरी यांनी दिलेला निकाल. निकाल खरा आहे, पण त्यात प्रश्न काय होता ते बघा. टीडीएस कुठल्या कलमाखाली कापायचा, एवढाच. आणि त्या डॉक्टरांना हॉस्पिटलच्या वेळेबाहेर स्वतःच्या दवाखान्यात किंवा इतरत्र प्रॅक्टिस करायची मोकळीक होती, हे न्यायालयाने मुद्दाम लक्षात घेतलंय. तुमच्या पत्रात त्याला बंदी आहे.

याहून महत्त्वाचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे, सुशीलाबेन विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स. डोळ्यांच्या हॉस्पिटलात करारावर असलेले डॉक्टर अपघातात गेले. ते हॉस्पिटलचे कर्मचारी धरले तर विमा कंपनीला कमी पैसे द्यावे लागणार होते. न्यायालय म्हणालं, कर्मचारी नव्हते, आणि कुटुंबाला पूर्ण भरपाई मिळाली. पण त्याच निकालात न्यायालयाने जुन्या सगळ्या केसेस चाळून सांगितलंय की एकच एक कसोटी नाही, सगळ्या गोष्टी एकत्र तोलायच्या, आणि प्रश्न कल्याणकारी कायद्याखालचा असेल तर पारडं कर्मचारी मानण्याकडे झुकतं. म्हणून एकच व्यक्ती आयकराच्या वहीत व्यावसायिक आणि प्रसूती लाभासाठी कर्मचारी असू शकते. त्यात विसंगती नाही, कारण दोन्ही कायदे वेगळ्या कामासाठी केलेले आहेत.

आणखी एक जुनी केस सांगते, कारण ती मला फार आवडते. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस, १९७३. शिंप्यांना नगावर पैसे, यायची-जायची वेळ ठरलेली नाही, काम नसेल तेव्हा आले नाहीत तरी चालायचं. मालक म्हणाला, हे माझे कामगार नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने काय पाहिलं? काम दुकानात बसून होतंय, शिलाई मशिन बहुतेक दुकानाची, आणि शिवण पसंत पडली नाही तर मालक कपडा परत उसवून शिवायला लावू शकतो. एवढ्यावर ते कामगार ठरले. त्या शिंप्यांना तर वेळेची मोकळीक होती. तुमचे लेटमार्कचे पैसे कापतात.

पीएफचा मुद्दा मात्र आत्ता काढू नका. आधी कुठे पीएफचं खातं नसेल आणि पगार १५,००० च्या वर असेल तर पीएफ सक्तीचा नाही. तिथे हरलात तर उगाच बाकीचंही कमकुवत दिसेल. जोर प्रसूती लाभावर ठेवा.

दुभाष्या

थोडं विषयांतर, माफ करा. मी घरून तीन-चार प्रकाशकांची भाषांतरं करतो, माझाही टीडीएस १९४जे. वरचं वाचून वाटलं की आपणही कर्मचारी असू. एका प्रकाशकाकडे सहा महिने पैसे अडकले आहेत.

हिशेबनीस_सीए

नाही, तुम्ही खरे कंत्राटी. गिऱ्हाईकं अनेक, वेळ तुमची, कॉम्प्युटर तुमचा. पण तुमच्यासाठी दुसरा कायदा आहे. सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा, फुकट होते. एमएसएमई कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. नोंदणीच्या आधी केलेल्या कामाला याचा फायदा मिळणं कठीण, म्हणून आजच करा. एप्रिल २०२४ पासून आणखी एक गोष्ट झालीय. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी करातून वजा मिळत नाही, ४३बी(एच). प्रकाशकाच्या सीएला हे एका ओळीत लिहून पाठवा.

नाशिकची_फिजिओ

पगारपत्रक ताई, तुमची पोस्ट वाचली आणि ड्रॉवरमधले सगळे कागद काढले. ‘पीटी २००’ असं प्रत्येक ॲडव्हाइसवर आहे. फेब्रुवारी २०२४ आणि २०२५, दोन्हीकडे ३००. मी आजवर ती ओळ वाचलीच नव्हती.

पण खरी भीती वेगळी आहे. सही नाही केली आणि त्यांनी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं तर? मिस्टरांची नोकरी सातपूरला आहे, घराचा हप्ता दोघांच्या पैशातून जातो. आणि किती रकमेचं भांडण आहे हे तरी मला कुठे माहीत आहे.

पगारपत्रक

रकमेपासून सुरू करते. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. दर काढतात रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावरून. तुमचा ढोबळ रोज १,४०० धरला तर २,५४,८०० होतात. हॉस्पिटलसाठी ही रक्कम मोठी नाही, पण तुम्हाला दिली की तुमच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकीला द्यावी लागेल. कराराची घाई त्यासाठी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेतल्या प्रकरणाने घेतली. तुमच्या दृष्टीने मुख्य गोष्टी तशाच आहेत. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, ते तुमचं केव्हाच झालंय. प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. आणि तुमच्या भीतीचं उत्तरही त्यातच आहे: गरोदरपणात कामावरून काढलं तरी, काढलं नसतं तर जो लाभ मिळाला असता तो बुडत नाही. रजेवर असताना काढणं तर बेकायदाच. ते काढणारच नाहीत अशी हमी मी देत नाही, तसं करणारी हॉस्पिटलं मी पाहिली आहेत. पण काढलं तरी पैशाचा दावा जिवंत राहतो, आणि ‘गरोदर असल्याचं कळवल्यावर नवा करार पुढे केला, सही नाकारल्यावर काढलं’ ही तारखांची रांग कुठल्याही अधिकाऱ्याला वाचायला सोपी जाते.

करारावरच्या बायकांना प्रसूती लाभ नसतो हे म्हणणं तर न्यायालयाने कधीच मोडीत काढलंय. २००० साली दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांना तो मिळाला, रस्त्यांची कामं करणाऱ्या बायका त्या. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कराराची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ पूर्ण मुदतीचा द्यायचा. त्या दिल्लीच्या एका सरकारी हॉस्पिटलात करारावर डॉक्टर होत्या. त्या दोन्हीकडे कर्मचारी असण्याबद्दल एवढा वाद नव्हता, तुमच्याकडे तो आहे, म्हणून तुमचं वजन कागदांवर राहणार.

कागद आजच गोळा करा, कारण व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं की रोस्टर गेलं. रोस्टरचे फोटो, लेटमार्क कापल्याचे महिने, रजा नामंजूर केल्याचे मेसेज, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, मूळ पत्र, सगळे ॲडव्हाइस, १६ए. एखाद्या पेशंटच्या बिलाचा फोटो लागला तर नाव झाकून, फक्त फिजिओचे पैसे हॉस्पिटलच्या पावतीवर घेतले जातात एवढं दिसेल असा. हॉस्पिटलच्या मेलवर ठेवू नका, स्वतःच्या मेलवर पाठवा.

मग अर्ज. ‘मला मिळेल का’ असं विचारायचं नाही, सरळ अर्ज करायचा. मी असा लिहीन:

“मी ऑगस्ट २०२३ पासून आपल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून सलग काम करत आहे. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार मे २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून प्रसूती रजेवर जात असून त्या काळातील लाभ मला द्यावा, ही विनंती. जानेवारीत दिलेल्या नव्या कराराच्या अटी माझ्या प्रत्यक्ष कामाशी जुळत नसल्याने मी त्यावर सही करू शकत नाही. मी सध्याच्या अटींवर काम चालू ठेवत आहे.”

बस, एवढंच. पीटीचा उल्लेख यात नको. तो कागद आत्ता दाखवलात तर पुढच्या महिन्यापासून ती ओळ गायब होईल आणि ‘चूक होती, सुधारली’ म्हणतील. तो कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यायची वेळ आली तर पहिल्या पानावर लावायचा.

मेल एचआरला आणि मेडिकल डायरेक्टरला, दोघांना करा. माझा अनुभव असा, की बऱ्याच ठिकाणी मालक डॉक्टरला एचआरने काय कागद फिरवलाय हे माहीतच नसतं, आणि स्टाफमधली बाई गरोदर असताना असं भांडण गावभर व्हावं हे त्याला नको असतं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

कोर्टकचेरी

पीटीच्या ओळीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो वजनदार आहे. एक भर घालतो. रिटर्न भरताना जपा ताई. ४४एडीए घेऊन ‘मी व्यावसायिक’ असं स्वतः जाहीर केलंत तर समोरचा वकील तेच रिटर्न दाखवेल. गेल्या वर्षीचं कसं भरलं होतं?

हिशेबनीस_सीए

हे बरोबर आहे. पण कर दोन्हीकडे शून्य आहे, त्यामुळे इथे कराच्या फायद्यासाठी काही दाखवायची गरजच नाही. रिटर्नची घाईही नाही. ३१ मार्च उलटू द्या, हॉस्पिटलचं उत्तर येऊ द्या, मग तुमच्या सीएला हा सगळा धागा वाचायला द्या आणि उत्पन्न कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं ते वकिलाशी बोलून ठरवा. १९४जे चा टीडीएस असूनही पगार म्हणून दाखवलं तर खात्याकडून जुळत नाही अशी विचारणा येऊ शकते, तिला उत्तर देता येतं. गेल्या वर्षी व्यावसायिक म्हणून भरलं असेल तर घाबरू नका, हॉस्पिटलने दिलेल्या १६ए प्रमाणे भरलं एवढंच त्याचं उत्तर.

नाशिकची_फिजिओ

गेल्या वर्षी नेट कॅफेवाल्याने आयटीआर-४ (व्यवसायाच्या उत्पन्नाचा फॉर्म) भरलं होतं, १६ए बघून. आज रात्री फोटो काढून मेल करते. अर्ज सोमवारी. डायरेक्टर सरांना वेगळं भेटू का, की फक्त मेल?

पगारपत्रक

आधी मेल, मग भेट. भेटायला जाताना मेलची प्रिंट हातात न्या आणि एकट्या जाऊ नका, एचओडी सरांना बरोबर यायला सांगा. तिथे बसून कशावरही सही करायची नाही, ‘घरी वाचून कळवते’ एवढंच म्हणायचं. त्यांचं उत्तर आलं की नावं काढून इथे टाका, पुढचं पत्र त्यावरून लिहू.